शाळेच्या फाटकात

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुम्हाला सांगावं असं घडलं ते नेमकं आत्याच्या गावात. सकाळी अंबडच्या ऑफिसात पोचले, तर फोन : घरोघरी जुलाब-उलट्या, माणसं कोसळून राह्यलीत. तालुक्याची आरोग्य अधिकारी म्हणून मी साथी पाहिल्या आहेत, पण आजाऱ्यांना आणून ठेवलं होतं त्या शाळेच्या आवारात दिसलं ते कधी पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात, झाडाखाली, माणसंच माणसं. डॉक्टर, नर्स दिसेल त्याच्याकडे धावत होते; जो ओरडेल त्याला सलाईन, आणि जो गप्प पडला त्याच्याकडे कुणीच नाही.

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर प्रमुख होता. जिनिंग गिरणीची आग विझवून जेवायला बसला होता, अंगाला जळक्या कापसाचा वास. भाकरी थापता थापता आई म्हणाली, लोकांचे हात भाजले आणि तुम्ही म्हणे फाटकात नुसते उभे. "मीच पाइप धरला, तर आग कुठं चालली ते पाहणार कोण?" तुम्ही इतकंच बोललात. आईला ते पटलं नाही. मलाही नाही.

मी फाटकात उभी राहिले. म्हटलं, हुकूम एकाचाच चालेल, आणि तो माझा. नळाचं पाणी आधी बंद करवलं, टँकर मागवला. गावाला काय सांगायचं ते एकट्या ग्रामसेवकानं, देवळाच्या भोंग्यावरून. येणारा प्रत्येक जण फाटकातच पाहायचा. गळालेला पहिल्या वर्गात, चालता येणारा झाडाखाली, मीठ-साखरेचं पाणी घेत. दुपारपर्यंत गटारातून गेलेली फुटकी पाइपलाइनही सापडली.

तेवढ्यात ट्रॅक्टर येतो. ट्रॉलीत आत्या. डोळे खोल गेलेले, लुगडं भिजलेलं. मी नाडी पाहते, पहिला वर्ग म्हणते, आणि मागच्या गाडीकडे वळते. आत्याची सून माझी बाही धरते. "ताई, तुमची आत्या हाय. तुम्ही आत चला ना."

"आत नर्स आहे," मी म्हणते. तो आवाज माझा होता, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. जिनं पोरीला खांद्यावर खेळवलं ती बाई आत मरत असेल, आणि ती पोर फाटकातून हलत नाही. तुम्हालाही तिथं पाइप धरावासा वाटला होता का? विचारायला हवं होतं तेव्हा.

गावात कुणी दगावलं नाही. आत्या उठून बसल्यावर भेटायला गेले. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "फाटकात तू व्हतीस. आत नेताना मी तुला हात केल्ता."

"गर्दीत दिसला न्हाई, आत्या," मी म्हणाले. तिनं मान हलवली, चहा ठेवायला सांगितला.

हे पत्र कपाटात कुलूप लावून ठेवते आहे; घरात कुणी वाचलं तर तिच्या कानावर जाईल. अण्णा, मला तो हात दिसला होता.