नळीबरोबर पुसलेला हात

रविवार, ८ जून

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, माझी जीभ अधूनमधून घसरते, बाकी नवीन काही नाही.

निवृत्त झाल्यापासून मी घरात सगळ्यांचं डोकं खातो, म्हणून लेकीने मला फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. पहिला प्रयोग वहिनीवर केला. तिच्या सुरकुत्या अशा काही पुसल्या, की ती म्हणाली, "ही कोण बाई घरात आणलीत?" मग विजेच्या तारा पुसल्या, रस्त्यावरचे खांब पुसले. माउस फिरवला की वस्तू गायब, आणि मागची भिंत आपोआप भरून येते. माणूस चेकाळतो गं. मी चेकाळलो.

त्याच भरात आईचा फोटो उघडला. तिच्या शेवटच्या वर्षी मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा खिडकीपाशी काढलेला. तिच्या नाकातली ऑक्सिजनची नळी मला बघवेना. ती पुसली. फोटोत तू तेवढीच आली होतीस, नळी कानामागे बसवणारा एक हात. तो मध्ये येत होता, म्हणून तोही पुसला. फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मावशीचा लगेच फोन, "किती बरी दिसतेय रे!" मी खूश.

तू मात्र काहीच बोलली नाहीस. आठवड्याने एवढंच लिहिलंस, "दादा, मूळ फोटो पाठव." मी म्हटलं, शोधतो. तीन महिने झाले, मी शोधतोच आहे.

खरं सांगतो. मूळ फोटो उरलेला नाही. बदललेला फोटो मी त्याच नावाने, त्याच्यावरच सेव्ह केला. कॅमेऱ्याचं कार्ड त्याआधीच रिकामं केलं होतं. लेकीला विचारलं, दुकानात जाऊन आलो. दोघंही म्हणाले, आता मिळणार नाही.

तुम्हा दोघींचा तेवढा एकच फोटो होता, हे मला वहिनीने सांगितलं. असणारच. घरात फोटो काढणारा मी, आणि मी तिकडे आलोच किती वेळा?

काल तो पुन्हा नीट पाहिला. आई मान कलती करून हसतेय, पण कुणाकडे बघून, ते कळत नाही. समोर नुसती भिंत. चार वर्षं तू तिला उठवलंस, न्हाऊ घातलंस, भरवलंस. मी एका दुपारी तुला त्यातून काढून टाकलं.

आणि नळी बघवेना म्हणालो, तेही अर्धंच खरं. तो हात दिसला की तिथे माझा हात नव्हता, हे दिसायचं. मला तेच नको होतं.

फ्रेम उतरवली आहे. मी काय केलं ते आज ग्रुपवर सगळ्यांना लिहून कळवलं. माफ कर म्हणायचीही लाज वाटते. फोन करून हवं तेवढं बोल मला, पण अशी गप्प राहू नकोस.

तुझा, नावापुरताच मोठा,
दादा