लेकींकडे पाठवलेल्या कोंबड्या

२ मार्च २००६, गुरुवार
खालच्या वाडीत आज आणखी चौदा कोंबड्या मेल्या. माना वाकड्या, तुरे निळे. नमुने बर्फात घालून पाठवले. डबा मी बांधला, चिठ्ठी मी लिहिली, तीनदा तपासली. गुरांच्या दवाखान्यात मी रोजंदारीवर, आठवी नापास; पण माझे अक्षर वाचता येते. डॉक्टरांचे त्यांनाही येत नाही.
डॉ. म्हणाले, अहवाल येईपर्यंत ‘बर्ड फ्लू’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. दुपारी चहाच्या टपरीवर त्यांनीच काढला.

५ मार्च, रविवार
अहवाल नाही, पण हुकूम आला. वाडीतली प्रत्येक कोंबडी मारून चुन्यात पुरायची. हा रोग माणसांना लागला तर माणूसही जातो, हे डॉ.नी देवळासमोर ओरडून सांगितले. वाडीला काळजी वेगळीच. शिमगा तोंडावर, मुंबईचे चाकरमानी येणार, त्यांना कोंबडी-वडे लागणार. जीव गेला तर गेला, वडे कोरडे खायला लागता कामा नयेत.

७ मार्च, मंगळवार
पांढरे झगे घालून घरोघर. डॉ.चा मास्क हनुवटीवर, कारण सुपारी खायची होती. परवा आरवण्याने कान किटत होते. आज चौतीस घरांत मिळून नऊ कोंबड्या.
सरपंचांची बायको म्हणते, “कोंबडी? आमी माळकरी हो!” गळ्यात माळ नाही, परसात ताजी पिसे. डॉ.नी मुकाट्याने लिहून घेतले, ‘माळकरी’.
आमच्या दारात आई उभी. “मेल्या आमच्या दोनी.” मी यादीत शून्य लिहिले. खुराडे उघडून पाहिले नाही. बाकी तेहतीस घरांची पाहिली.

९ मार्च, गुरुवार
कळले. हुकूम आला त्याच संध्याकाळी कोंबड्या पिशव्यांत घालून, वर जुने लुगडे टाकून, लेकींच्या सासरी रवाना. कुणाची लेक घाटावर, कुणाची खाडीपलीकडे. होळी झाली की परत आणणार. आम्ही वाटेवर दोरी बांधून रोग कोंडत बसलो आणि या शहाण्यांनी तो एस.टी.त खिडकीजवळ बसवून गावोगाव पोचवला.
डॉ. विचारतात, कुठल्या कुठल्या गावी? कुणाला लेकच नाही. सगळी वाडी निपुत्रिक.

११ मार्च, शनिवार
आज आईला समोर बसवून विचारले.
“एक कोंबडा नि एक तलंग कोंबडी. सुमाकडं धाडली. सातवा म्हयना लागलाय तिला, जरा रस्सा पोटात जाईल म्हटलं.”
“खाल्ली?”
“तलंग मान टाकायला लागली, म्हनून तिनं लगेच कापली. मरायच्या आदी कापली रे. मेलेली नाय खाल्ली.”
हेच वाडीभर ऐकतो आहे. मरायच्या आधी कापली की रोगही सुरीला घाबरून पळतो.
तलंग परसात साफ सुमाताईनेच केली असणार.

१२ मार्च, रविवार
ताईकडे गेलो. दोन दिवस ताप, खोकला, बोलताना धाप. सासू म्हणते, “शिमग्यात थंडीताप येतोच. तू जनावरांचा डॉक्टर, मानसांत कशाला नाक खुपसतोस?” डॉक्टर नाही म्हटले, तर म्हणे, “मंग तर बोलूच नको.”
ताई मागच्या पडवीत म्हणाली, “बाळू, कुनाला सांगू नको हां. गुरवारी पालखी येनार घरी. दवाखान्याची गाडी दारात आली तर पालखी आमचं घर टाकून जाईल. मग मला इथं नांदू देतील काय?”
बरं म्हणालो. भित्रा आहे मी.

१३ मार्च, सोमवार
स. ७ ला डॉ.च्या घरी जाऊन सांगितले. ते यादी बघत राहिले. “तुझ्या घरापुढे तर शून्य आहे.”
“मीच लिहिले.”
इतर वेळी चारचौघांत गाढव म्हणतात. आज म्हणाले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.
दुपारी ताईला रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात नेले, वेगळ्या खोलीत. झगेवाले आले तेव्हा शेजारणी कुंपणाला ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या परसांतही माहेरची कोंबडी निघाली. चार घरांत.

१६ मार्च, गुरुवार
पालखी ताईचे घर टाकून गेली. भावोजींनी फोनवर एवढेच सांगितले आणि म्हणाले, “आता तिला बघायला तूच जा.” सासरचे कोणीही आले नाही. आई येते म्हणाली. पण बंदीमुळे तिला वाडीबाहेर सोडत नाहीत.
ताईच्या घशाचा नमुना पुढे गेला आहे. उत्तर नाही. कोंबड्यांचेही नाही.
रत्नागिरीला तिच्या खोलीच्या काचेतून हात केला. तिने पाहिले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. एक हात पोटावर. खोकली की पाठ हलते, तेवढेच दिसते.
तासाभरात सोळा वेळा खोकली. काल एकवीस. यावरून काही ठरत नाही, हे मलाही कळते.