गव्हातल्या गोळ्या

१२ एप्रिल, रविवार
सकाळी अंजनगावहून गव्हाचे कट्टे आले. आपल्या पुढच्या खोलीत उतरवले. सुनंदा वारल्यानंतरची बायकांच्या धान्यखरेदी गटाची ही पहिलीच खरेदी. तीच सगळं पाहायची, मी नवरा म्हणून फक्त दार उघडायचो. बायका म्हणाल्या, या वेळी दोन कट्टे एकदमच दळून आणू, स्वस्त पडेल, नोकरीवाल्या घरांची सोय होईल. मी बरं म्हणालो.

१३ एप्रिल
दळण झालं. उद्या जयंती, चक्की बंद, म्हणून आजच घाई केली. संध्याकाळी पिशव्या भरून वाटल्या. गावंडेंची सून पल्लवी पिशवी घेऊन उद्या पहाटे अकोल्याला माहेरी जाणार. सातवा महिना आहे. चोकर काढू नका म्हणाली, डॉक्टरांनी कोंड्यासकटच खायला सांगितलंय.

१४ एप्रिल
दुपारी रेखाताई इंगळे खीर घेऊन आल्या. सुनंदासोबत पहिल्यापासून गटाचं काम करतात. बसल्या बसल्या सहज म्हणाल्या, "भाऊ, परवाच पाऱ्याच्या गोळ्या टाकून देल्या मी कट्ट्याइत. सोंडे लागतात न गव्हाले."
घरी आपण टाकतोच. दळणाआधी सुपात निवडताना हाताला लागतात, काढतो. पण हा गहू कोणीच निवडला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं निवडला.
कोणत्या कट्ट्यात, विचारलं.
"सगळ्याइत. काहून?"
दोन कट्टे न निवडताच दळून वाटले, हे सांगितलं. त्या खीर तशीच ठेवून उठल्या. काल जयंतीच्या तयारीत होत्या, दळायला नेलं हे त्यांना माहीतच नव्हतं.
उरलेले कट्टे आम्ही दोघांनी उपसले. गोळ्या निघाल्या. म्हणजे त्या दोन कट्ट्यांतल्या पिठातच गेल्या.
घरोघर फोन केले. खाऊ नका, परत आणा. देशमुख म्हणाले, वहिनी असत्या तर असं झालं नसतं. खरं आहे. पल्लवीचा फोन बंद. तिच्या सासूकडे माहेरचा नंबर होता, तोही लागला नाही. रेखाताईंनी पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

१५ एप्रिल
बाकी सगळ्या पिशव्या आल्या. काही फोडलेल्या. त्या घरांना त्रास नाही, अजून तरी.
पल्लवीच्या सासू, गावंडेवहिनी, दुपारी आल्या. फोन लागला होता. काल दोन्ही वेळ पोळ्या खाल्ल्या पल्लवीनं. "पोट दुखून राह्यलं म्हणते. पण ते तर आधीबी दुखे." दवाखान्यात नेलंय. एवढं सांगून लगेच परत गेल्या. मला रागावल्या असत्या तर बरं होतं.
रेखाताई दोनदा येऊन गेल्या. गट बंद करायचा का, विचारत होत्या. आत्ता नको, म्हणालो.
अंधार पडला. अकोल्याहून काही नाही. कुकरच्या शिट्टीत फोन ऐकू येणार नाही म्हणून भात पातेल्यात टाकला आहे. ओट्यापाशी उभ्यानंच लिहितो. उतू जाऊ नये म्हणून झाकण जरा सरकवलं.