बायकोसाठी २४३

१९ ऑक्टोबर, रविवार
खडीच्या खाणीत जाऊन ३०० मॅग्नम रायफल चालवली. उन्हाळ्यात ट्रुडेलच्या बंदुकांच्या दुकानात घेतली तेव्हा त्याला म्हटलं होतं, सगळ्यात मोठी काढ. त्यानं काढली. आज पहिला बार. आवाज झकास. डब्याला गोळी लागली नाही, पण डब्यामागच्या टेकडीला तरी नक्की लागली असणार. खांदा जरा लाल.
मी डोळे मिटतो असं नाही. पापण्या आपणहून मिटतात. त्यांना कोण सांगणार?
उरलेल्या गोळ्या उडवल्या नाहीत. उधळपट्टी बरी नव्हे.

२० ऑक्टोबर
खांदा निळा. लाकूड कापायच्या मिलमध्ये ओल्या फळ्या डाव्या हातानं ओढल्या. रायनो कांगस, आमचा फोरमन, म्हणाला, काय रे केंटकी, लुळा झालास काय? (मी केंटकीहून इथं मिशिगनच्या वरच्या टोकाला आलो, तेव्हापासून सगळे मला केंटकीच म्हणतात. माझं नाव लॉनी आहे हे पगार वाटणाऱ्यालाच माहीत.) म्हटलं, झोपेत अवघडला.
मग त्यानं बॉम्ब टाकला. पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो, आमच्या शिकारीच्या कॅम्पात ये म्हणाला. आणि जो माझ्या कॅम्पात आला नाही, त्याला थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या टेबलावर टर्की नाही.
टर्कीचं मला काही नाही. पण त्या टेबलावर त्याची मुलगी सायमी बसते. सायमी मिलच्या फाटकावर लाकडाच्या ट्रकांचं वजन करते. गेल्या एप्रिलपासून माझंही करतेय, असा माझा अंदाज आहे.
जाताना तिनं विचारलं, कुठली रायफल चालवतोस? म्हटलं, ३०० मॅग्नम. ती म्हणाली, अगबाई, हत्ती आलेत का इकडे?
चांगलीच प्रभावित झाली.

२२ ऑक्टोबर
खांदा जांभळा, कडेला पिवळा. डबा उघडताना ओरडलो. खोलीत कोणी नव्हतं, म्हणजे ओरडलो असं धरता येणार नाही.
रायनोला मी सांगून ठेवलंय की गावी आम्ही अस्वलं मारायचो. खरं तर खारी मारायचो. पण केस दोघांच्याही अंगावर असतात.
आज मासिकं वाचून शास्त्रशुद्ध विचार केला. शाळा आठवीत सुटली तरी विचार करायला कोणी अडवलेलं नाही. काडतुसात दारू जितकी कमी, गोळी जितकी हलकी, तितका खांद्याला दणका कमी. ३०-३० रायफल सौम्य, पण ती प्रत्येकाच्या आजोबांची असते. ७-०८ मधली. मधला मार्गच काढायचा तर माणसानं लग्नच करावं. उरली २४३. शंभर ग्रेन वजनाची हलकी गोळी, सरळ जाते, हरणाला पुरून उरते, दणका जवळजवळ नाहीच. खोट एवढीच, की इथं पोरंसोरं आपलं पहिलं हरीण याच रायफलीनं मारतात.
पण हरणाला कुठं कळतं गोळीचा नंबर?
दणक्याशी माझा काही संबंध नाही. माझा खांदा मूळचा नाजूक बांध्याचा आहे, एवढंच.

२५ ऑक्टोबर, शनिवार
ट्रुडेलकडे गेलो. काउंटरवर दोन म्हातारे कॉफी पीत बसलेले. त्यांच्यासमोर २४३ मागायची म्हणजे भर बाजारात लंगोट मागण्यासारखं. ऐन वेळी डोकं चाललं. म्हटलं, बायकोसाठी हवीय.
ट्रुडेल म्हणाला, अच्छा! बायकोसाठी. म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवले.
नाव काय म्हणाला. जे पहिलं तोंडात आलं ते सांगितलं: ओपल. आईच्या शेळीचं नाव. उंची? आता बायको सहा फूट सांगून कोण विश्वास ठेवणार? पाच फूट म्हटलं. डोळे? तपकिरी. स्वभाव? हट्टी, पण जीव लावते. यात एक अक्षर खोटं नाही.
मग ट्रुडेलला प्रेमाचा उमाळा आला. म्हणाला, पोरा, एवढ्याशा बाईला हा दस्ता लांब पडेल. मी तिच्या मापाचा कापून देतो, नव्या जोडप्याला माझ्याकडून भेट. मी नको नको म्हणेपर्यंत करवत चालू झाली होती.
पण काम फत्ते. ट्रुडेल कमी बोलणारा माणूस आहे. कोणाला कळायचं नाही.

२७ ऑक्टोबर
सगळ्या मिलला कळलं.
सकाळपासून पाठीवर थापा. त्याही उजव्या खांद्यावर. सायमीनं वजनकाट्याच्या खिडकीतून डोकं काढून अभिनंदन केलं. म्हणाली, बोलला नाहीस कधी! चेहरा अगदी गंभीर. आत किती दुखावली असेल बिचारी.
हे ताबडतोब निस्तरायला हवं.

२९ ऑक्टोबर
निस्तरलं. सायमीला सांगितलं की ओपलचं आणि माझं पटत नाही, आम्ही वेगळे झालोय. तिनं हातातली वजनाची पावती खाली ठेवली. मग म्हणाली, तिला रायफल घेऊन दिलीस आणि मग सोडलंस? छातीचा माणूस आहेस.
तिनं मला छातीचा म्हटलं.

१ नोव्हेंबर, शनिवार
रायफल आणली. दस्ता एवढासा, की काखेत थर्मामीटर धरल्यासारखं वाटतं. तरी खाणीत गेलो. बार काढला. आणि काय सांगू! खांद्याला काही म्हणजे काही झालं नाही. फुलाचा मार.
भुवईला झालं. दस्ता तोकडा, त्यामुळे डोळा वरच्या नेमाच्या दुर्बिणीला चिकटलेला. दुर्बीण मागे आली ती थेट कपाळावर. रक्त डोळ्यात. सगळ्यात कमी दणक्याच्या रायफलीनं माझा कपाळमोक्ष केला. ही चूक ट्रुडेलची.
आरशात पाहिलं. उजव्या भुवईवर सुबक चंद्रकोर.

३ नोव्हेंबर
मिलमध्ये सांगितलं, कपाटाचं दार लागलं. रायनो म्हणाला, कपाटाला दुर्बीण होती काय?
हे असलं गाव. इथं पाळण्यातलं पोर चंद्रकोर बघून सांगेल की रायफलीनं चावा घेतलाय. मग म्हटलं, हो, मॅग्नमनं. सायमी म्हणाली, मॅग्नमची कोर यापेक्षा मोठी उठते.
शिवाय नवंच लचांड. रायनो म्हणाला, हंगामाच्या आदल्या दिवशी बायकाही कॅम्पात जेवायला येतात. भांडणं काय, सगळ्यांची होतात. ओपलला बसनं इकडे बोलाव. आमची मंडळी समजूत घालतील. आणि बायकोला टाकणारा माणूस माझ्या कॅम्पात नको.
विचार करावा लागेल.

५ नोव्हेंबर
विचार केला. दुसरा इलाज नव्हता. ओपल गेली.
जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. कशानं, म्हणून विचारलं. मी खरं तेच सांगितलं, पोट फुगून. (ओला चारा जास्त खाल्ला होता, ते सांगितलं नाही.) रायनोनं टोपी काढली. करवतवाल्यानं करवत बंद केली. सायमी तोंडावर हात धरून वजनकाट्याच्या खोलीत पळाली. काचेतून तिचे खांदे हलताना दिसत होते. किती हळवी मुलगी!
आता सगळं जुळून आलंय. मी मोकळा. कॅम्पात प्रवेश पक्का. आणि २४३ मी आता उघडपणे वापरू शकतो, दिवंगत पत्नीची आठवण म्हणून. कोण हसेल?
माणसानं नीट आखणी केली की असं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार
सरावाला जाणार होतो. पाऊस आला. पाऊस नव्हता, पण आला असता.
संकल्प: डोळे उघडे. चाप हळू, लिंबू पिळल्यासारखा. दस्ता पुढे धरायचा, कपाळ मागे. हे सगळं डोक्यात पक्कं आहे. शरीराला कळवायचं तेवढं राहिलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. कॅम्प
दुपारी पोचलो, दिखाव्याला मॅग्नमही घेऊन. लाकडी खोपटं, स्टोव्ह, मागे सौना, म्हणजे वाफेची न्हाणी. भिंतीवर शर्टाचे कापलेले शेव, म्हणजे पाठीकडचे खालचे तुकडे, खिळ्यांनी ठोकलेले. ज्याचं हरीण हुकतं त्याच्या शर्टाचा शेव कापून, वर नाव लिहून लावतात. रायनोच्या बापाचाही आहे. मी नवा चौकडीचा शर्ट घालून आलोय. या शर्टाला धोका नाही.
बायका आल्या. मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्यांची परात आली. ट्रुडेलही आला. जेवणाआधी रायनो उभा राहिला. म्हणाला, आज आपल्यात एक जण नाही. सगळे मिनिटभर गप्प. ट्रुडेलला खोकला झाला होता, तो बाहेर जाऊन आला.
मग रायनोनं स्वतः २४३ आणली, गोळी भरायचा बोल्ट मागेपुढे केला, माझ्या हातात दिली. म्हणाला, ओपलच्या नावानं एक बार, त्या कुंपणावरच्या डब्यावर. सगळे ओसरीवर जमले. सायमी अगदी शेजारी.
मी नेम धरला. लिंबू आठवलं. चाप ओढला.
खट् झालं.
रायफल रिकामी होती. मी मात्र भरल्यासारखा उडालो. डोळे गच्च मिटले, खांदा मागे, टोपी खाली, आणि एक पाय पायरीवरून घसरून मी बर्फात बसलो. मग रायनो म्हणाला, ओपलनं ढकललं वाटतं.
यावर जे हसले त्यांना मी दोष देत नाही. थंडी फार होती, माणूस थंडीत कशालाही हसतो. मीही थंडीनंच उडालो.

१५ नोव्हेंबर, शनिवार. उद्घाटन
पहाटे बसायच्या जागांची वाटणी झाली. मी २४३ उचलली, तर रायनोनं अडवलं. म्हणाला, बाईची रायफल पुरुषानं नेऊ नये, अपशकुन. ती सायमी नेईल. तुझ्याकडे तुझी मॅग्नम आहे की!
सायमीनं ती खांद्याला लावून बघितली. दस्ता तिच्या मापाचा. तंतोतंत. म्हणाली, ओपलचे हात अगदी माझ्याएवढे होते वाटतं.
मला देवदाराखाली बसवलं, तिला पुढच्या टेकाडावर.
उजाडल्यावर हरीण आलं. नर, शिंगांना आठ टोकं. माझ्यासमोर उभा राहून माझ्याकडे बघू लागला, फोटो काढून घ्यायला आल्यासारखा. मी डोळे उघडे ठेवले. अगदी शेवटपर्यंत. म्हणजे शेवटाच्या आधीपर्यंत.
मॅग्नम वाजली. डोळे उघडले तर मी पाठीवर. वरच्या फांदीवरचं सगळं बर्फ माझ्या तोंडावर. नराला काही झालं नव्हतं. तो कान हलवून निघाला आणि टेकाडाकडे गेला. तिकडून एक बारीकसा आवाज आला. एकच.
सायमीनं जागच्या जागी आडवा केला. शंभर ग्रेनची गोळी. मी म्हटलंच होतं पुरून उरते. निवड माझी.
दुपारी माझ्या नव्या शर्टाचा शेव कापला. ट्रुडेलनं वर नाव लिहिलं. लॉनीही नाही, केंटकीही नाही. लिहिलं: ओपलचा नवरा. आणि रायनोच्या बापाशेजारी ठोकलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
परतताना सायमीच्या गाडीत होतो. पाठीला वारा लागत होता, शर्ट तोकडा. ती म्हणाली, महिनाभरात तुझं लग्न झालं, फारकत झाली आणि बायको मेली. पुढचीनं काय समजायचं?
म्हटलं, तुला कधी कळलं? म्हणाली, पहिल्या दिवशी. ट्रुडेलच्या म्हणण्याप्रमाणे त्यानं गावभर बायकांसाठी रायफली विकल्यात आणि त्यांतल्या एकाही बायकोनं कधी चाप ओढलेला नाही. आमच्या बाबांची २४३ पण आईसाठीच घेतलेली. आई तिच्यावर ओले मोजे वाळत घालते. तू नुसतं हो म्हणाला असतास ना, की मला दणका सोसत नाही, तर अर्ध्या मिलनं तुला मिठी मारली असती. पण बिचारीला पोट फुगवून मारलंस!
मी म्हटलं, ती शेळी होती. सायमीला गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली.
हसून झाल्यावर तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, टर्कीला ये. बाबांनी तुझी खुर्ची मांडायला सांगितलीय. पोरांच्या टेबलावर, माझ्या भाच्यांबरोबर. दोन, पुढच्या रविवारी खाणीत ये. मी शिकवते. मॅग्नम घरी ठेव. २४३ पण नको, ती आता माझी. पोरं जिथून सुरू करतात तिथूनच सुरू करायचं, २२ च्या रायफलीनं. तिला दणका नावाची गोष्टच नाही.
म्हणजे ती मला भेटायला बोलावतेय. सरळ अर्थ आहे.
उद्या ट्रुडेलकडे जाऊन २२ आणायला हवी. एवढी छोटी रायफल माझ्या वयाच्या माणसानं काउंटरवर कशी मागायची, हा प्रश्न होता. पण सुटला. मुलासाठी म्हणून सांगेन. ओपलच्या मागे पोर उरलंय, यात अशक्य काय आहे?
नाव मात्र आधीच ठरवून जायचं. त्या शेळीला एक करडू होतं.