लाईन तर आहे, बाबा

प्रिय बाबा,

काल संध्याकाळी तुमच्या फोटोसमोरचा झिरोचा बल्ब गेला. लाईन होती. पंखा फिरत होता. म्हणून हे पत्र. तुमच्याशी भांडायला आता दुसरी जागा उरली नाही, आणि आज तर मला वाटतंय की या भांडणात तुम्हीच जिंकावं.

आयुष्यभर आमगावच्या दुकानात बसून धानाच्या शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना तुम्ही तांब्याची तार भरलीत. मग मोबाईलवर ते हिंदी व्हिडिओ कुठून सापडले, देव जाणे! सूर्य आतून जळत नाही, त्याला बाहेरून करंट येतो. तेजोमेघ म्हणजे आभाळातली ट्यूबलाईट, गॅसमधून करंट गेला की चमकते. चंद्रावरचे खड्डे म्हणजे स्पार्किंग. जेवताना हेच, आणि मी सालेकशाच्या शाळेत विज्ञान शिकवते म्हणून मुद्दाम माझ्याच ताटापाशी.

मी सांगायची, ताऱ्याच्या पोटातच हायड्रोजन असतो, त्याचा हेलियम होताना उजेड पडतो, साठा संपला की तारा संपतो. पोटात जाऊन कोणी पाहिलं, असं तुम्ही भात कालवत विचारायचात. मी म्हणायची, मग तुमची ती आभाळातली तार तरी दाखवा. तुम्ही नुसते हसायचात. किती हट्टी होतात हो!

पण गोंदियाच्या दवाखान्यात ते आईला कशाला सांगितलंत? वाद माझ्याशी होता ना? ती तुमचे पाय चेपत होती आणि तुम्ही म्हणालात, "तारा विझत नाई. लाईन जाते फक्त. मी गेलो तं समजजो, लाईन गेली. येईन."

येईन कोण? लाईन, की तुम्ही? आपल्या बोलीत 'येईल'लाही येईनच म्हणतात. तुम्ही लाईनबद्दल बोललात, असं मी अजूनही मानते. आईने तुमच्याबद्दल ऐकलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी काकू तेलाचा दिवा लावायला आली, तर आईने तिचा हात धरला. त्यांना आगीचं नाही, करंटचंच चालतं, म्हणाली, आणि दुकानातून होल्डर आणून झिरोचा बल्ब लावला. तेरवीला आलेले पाहुणे तोंड फिरवून हसले. बल्ब मात्र राहिला. लाईन गेली की सगळी गल्ली वैतागते, आई दारात जाऊन बसते. लाईन आली की आधी बल्बकडे पाहते, मग रस्त्याकडे. हे मी कितीदा पाहिलं, बाबा.

काल बल्ब गेला तेव्हा तिने वर पंख्याकडे पाहिलं. "लाईन तं हाये," म्हणाली.

होल्डर ढिला असेल, असं मी घाईघाईने म्हटलं. पण बायको कोणाची ती! तिने बल्ब काढला, कानाशी धरून हलवला. आतली तार तुटून किणकिणत होती. मग तो तिने माझ्या कानाशी धरला.

"तू तं सायन्स शिकवते. लाईन हाये, मंग हा काऊन गेला?"

उत्तर मला येत होतं. आतलंच संपलं की संपतं, दरवर्षी फळ्यावर लिहून देते तेच, तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत तेच. ते तोंडाशी आलं आणि मला रडू फुटलं. तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत? तुमच्याकडे तर प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं! मला एवढं एक सुचवून गेला असतात तर काय बिघडलं असतं?

मग तिने बल्ब पदरात बांधला आणि भात टाकायला आत गेली. आज सकाळीही तो पदरातच होता.

मी तिला खोटं सांगणार नाही, बाबा, आणि तुमचं बोलणं खोडणारही नाही. मला तेवढंच जमेल. एक वचन देते. यापुढे मी घरी असताना लाईन गेली, की दारात तिच्याशेजारी बसेन. आणि लाईन आली, की मीसुद्धा रस्त्याकडे पाहीन.

तुमचं कधीच न ऐकलेली लेक,
बाई