नातीच्या स्वारीची हकीकत, आमच्या गाडीसह

मुलुंड, ता. १९ एप्रिल १९६६

ती. आप्पांस सहदेवचा शिरसाष्टांग नमस्कार (हात धुऊन केलेला, तरी नखांतलं काळं जाता जात नाही, ते पत्राच्या कडेला दिसेल). तुमचा गुडघा कसा आहे? कणकवलीला यंदा कलमांनी फळ धरलं का? इकडे तुमची लेक आणि दहा दिवसांची नात दोघी खुशाल घरी आल्या. कशा आल्या, ते सौ. आई तुम्हाला सांगतीलच. त्या सांगण्याआधी मीच लिहिलेलं बरं, म्हणजे निदान सुरुवात तरी माझ्या बाजूने होईल.

आमच्या निवृत्त झालेल्या साहेबांची जुनी विलायती गाडी मी घेतली, तेव्हा तुम्ही एका ओळीचं कार्ड धाडलं होतंत, 'विचार केला होतात काय?' केला नव्हता. पण सुगंधाने घाटकोपरच्या प्रसूतिगृहात सगळ्या खाटांवर सांगून ठेवलं होतं की मला न्यायला आमची गाडी येणार आहे. एरवी ती त्या गाडीला 'डबा' म्हणते. परक्या बायकांसमोर तिने तिला गाडी म्हटलं, म्हणून त्या दिवशी मी पहाटे उठून गाडी पुसली, टाकी भरून आणली, पाळण्यातली दुलई मागच्या सीटवर अंथरली आणि मुलुंडहून एकटाच निघालो (सौ. आई आदल्या दिवसापासून सुगंधाजवळच होत्या).

घाटकोपर येईपर्यंत गाडीने दोन-तीनदा खोकल्यासारखं केलं आणि प्रसूतिगृहाच्या फाटकात येऊन जी बंद पडली ती पडलीच. तेवढ्यात सुगंधा बाळाला घेऊन सौ. आईंबरोबर पायरीवर आली. वर गॅलरीत तिच्या सगळ्या मैत्रिणी कठड्याला टेकून उभ्या. मी हसून दार उघडलं, दोघींना आत बसवलं आणि स्टार्टर दाबला. नुसतं घर्रघर्र. चोक ओढला, चोक सोडला, खाली उतरून हॅण्डल मारलं. हॅण्डल उलटं फिरून मनगटावर बसलं, ते अजून सुजलेलं आहे.

आता मोटारदुरुस्तीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मी लायब्ररीतून आणून वाचलं आहे (कार्बोरेटरचं प्रकरण पूर्ण, बाकीची चित्रं). त्यामुळे दोष कार्बोरेटरमध्येच असणार हे मी बॉनेट उघडण्यापूर्वीच ठरवून टाकलं. सुगंधा एवढंच म्हणाली की समोर टॅक्सी उभी आहे. मी म्हणालो, पाच मिनिटं. ही माझी त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक. त्यानंतरच्या चुका नुसत्या लांबीने मोठ्या आहेत.

कार्बोरेटर सुटा करून मी पायरीवर वर्तमानपत्र पसरून मांडला. वाऱ्याने वर्तमानपत्र उडालं. मग डॉक्टर वसुधाबाई स्वतः खाली आल्या. पायरीवर इतका वेळ कोण बसलंय, हे पाहायला आल्या असाव्यात. त्यांनी एक पांढरा ट्रे मागवून सगळे भाग त्यात ठेवायला लावले आणि इंजेक्शनच्या सुईतून घालायची बारीक तार आणून दिली. त्या तारेने मी जेटचं, म्हणजे पेट्रोल येतं त्या चिमुकल्या तोटीचं, भोक साफ केलं, तोंडाने फुंकलं, पेट्रोलची चव घेतली (ती जेवणातही येते आहे). जेट आधीच स्वच्छ होता. सगळं जोडलं, एक स्क्रू उरला. पुन्हा सुटं केलं, स्क्रूसकट जोडलं, तरी गाडी ढिम्म. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं आणि मला सौम्य आवाजात सांगितलं की उन्हात बाळंतिणीला याहून जास्त ठेवता येणार नाही.

गाडीत बाळ रडायला लागलं होतं. सुगंधाने वर गॅलरीकडे बघायचं सोडलं होतं. ते मला दिसलं, आप्पा, आणि हातातला पाना जड झाला. मी सौ. आईंपाशी गेलो आणि कबूल केलं की मला काही कळत नाही. म्हणालो, मी कसली कसर ठेवली नव्हती. बाळाला पेट्रोलचा वास लागू नये म्हणून टाकीच्या टोपणाला असलेलं बारीक भोकसुद्धा सकाळी साबणाने लिंपून टाकलं होतं.

आई तोपर्यंत पदराने बाळाला वारा घालत होत्या. त्या थांबल्या.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "राकेलच्या डब्याक एकच भोक पाडलात, तर राकेल भायर येता?"

मी म्हणालो, नाही, वारा आत जायला दुसरं भोक लागतं. एवढं बोललो आणि माझी नजर टाकीच्या टोपणाकडे गेली. त्या उतरल्या, मागे गेल्या, टोपण फिरवलं. टाकीने हुस्स करून एवढा मोठा श्वास घेतला की गॅलरीपर्यंत ऐकू गेला. डोक्यातली हेअरपिन काढून त्यांनी साबण उकरला, टोपण लावलं आणि मला स्टार्टर दाबायला सांगितला. तिसऱ्या दाबाला गाडी सुरू झाली. वरून टाळ्या पडल्या. मी मान लववली. सुगंधाने हळूच सांगितलं की त्या टाळ्या आईसाठी आहेत, पण सांगताना ती हसत होती, आणि मुलुंड येईपर्यंत हसत होती.

बाळाचं नाक तुमच्यासारखं आहे. गुडघ्याला जपावं.

तुमचा जावई,
सहदेव

ता. क. : मुख्य विनंती राहिलीच. सौ. आई येत्या सोमवारी निघायचं म्हणत होत्या. त्यांना आणखी दोन महिने इथे राहू द्यावं. बाळंतिणीच्या पथ्यासाठी, असं मी घरात सांगितलं आहे. खरी गोष्ट अशी, की त्या दिवसानंतर गाडी माझ्या एकट्याच्या हातून सुरू झालेली नाही. आई शेजारी येऊन बसल्या की होते.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र आईंनी वाचलं. सोमवारचा बेत त्यांनी केव्हाच मोडला असून तुम्हाला तसं कार्डही टाकलं आहे. इथल्या मोटार शिकवण्याच्या शाळेत त्यांनी नाव घातलं आहे. सरावासाठी रविवारी आमची गाडी नेणार आहेत. मी मागच्या सीटवर बाळाला घेऊन बसायचं, आणि काही सुचवायचं नाही, असं ठरलं आहे.