जेवणाआधीची गोळी

आई,

तुला साखरेचा आजार आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण चार घासांत तुझं पोट तटतटतं आणि सकाळची भाकरी संध्याकाळी उलटून पडते, हे काय, ते कुणाला उमगेना. शेवटी शिराळ्याहून एसटीनं आपण दोघी सांगलीला गेलो. डॉक्टर म्हणाले, या आजारानं पोट सुस्त झालंय, अन्न पुढं ढकलत नाही. त्यांनी पोटाला चालना देणारी गोळी लिहून दिली. पुढच्या खेपेला विचारलं, "बाई, जेवणाआधी अर्धा तास घेता ना?" तू म्हणालीस, "व्हय की, न चुकता घेती." मीही मान हलवली. खोटं कुठं होतं त्यात? भाकरी थापायला बसण्याआधी तू गोळी गिळायचीसच. मग आधी वडील, म्हणजे दादा, आणि काका, मग गडी, मग आम्ही पोरं, मग आजी. तू ताटावर बसेपर्यंत गोळीचा जोर ओसरून जायचा. जेवणाआधी म्हणजे घरच्यांच्या जेवणाआधी. तुझं वेगळं जेवण असतं हे ना तुझ्या ध्यानात आलं, ना माझ्या.

गुण येईना म्हणून गोळ्या वाढल्या. मग तुझे पाय ठरेनात. तू बसतेस, लगेच उठतेस, झाडलेलं अंगण पुन्हा झाडतेस. आजी शेजारणीला कौतुकानं सांगतेय, "लय उरक हाय गं आमच्या सुनंला." आणि तू भिंतीला कपाळ टेकून मला म्हणतेस, "आतनं कुणीतरी हाकलतंय बघ मला." दादा म्हणाले, "गोळी लागू न्हाई हिला," आणि गोळी बंद झाली. मग तू वाळतच गेलीस.

आता तेच दुखणं माझ्या वाट्याला आलंय. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तीच गोळी थोड्या दिवसांपुरती दिली. या गोळीनं पाय ठरेनासे झाले तर लगेच या, म्हणाल्या. आणि विचारलं, "अर्ध्या तासानं तुम्ही स्वतः जेवता ना?" तेव्हा तुझं सगळ्यांत शेवटचं ताट डोळ्यांपुढं आलं. मी विचारलं, तू वेळेवर जेवली असतीस तर वाचली असतीस का? बाई म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. मग रागवू कुणावर? डॉक्टरांवर, दादांवर, की न बोललेल्या तुझ्यावर? रोज वेगळ्यावर रागावते आणि रोज चुकल्यासारखं वाटतं.

हे पत्र कुठं टाकू? पण एक सांगते. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासानं मी घरात सगळ्यांच्या आधी जेवते, आणि अजून, कुणी बघेल म्हणून, दाराकडं पाठ करून बसते.